जत्रेच्या मैदानातलं नाणं

आजवर मी पुष्कळांचे खोटेपणे छापून चव्हाट्यावर आणले. पुढाऱ्यांचे, बुवांचे, कॉलेजच्या व्यवस्थापनाचे. एक तेवढा राहिला — माझा. तो मी कुणालाच सांगितलेला नाही. आईला नाही, चळवळीतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्याच्याशी खोटं बोललो त्या बालाजीला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो. आवाज न चढवता सांगायचा प्रयत्न करतो. मला त्याची सवय नाही.

मी पत्रकांवर वाढलो. मिरजेत आमच्या बाहेरच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि मी अक्षरं शिकलो ती 'जाहीर निषेध' यावरून. वडील म्हणायचे, पत्रकाखाली आपलं नाव असतं, म्हणून पत्रकात खोटं चालत नाही. ते मी अंगात मुरवून घेतलं. ओहायोत एम.एस. करायला आलो तेव्हा कोलंबसच्या मराठी पोरांत माझी ओळखच ती झाली — हा भांडेल, हा डोकं खाईल, पण हा खोटं बोलणार नाही. कुणाचा काही वाद झाला की बालाजी म्हणायचा, "ह्याला विचारा ना. हा स्वतःच्या बापाचीबी बाजू घेत नाही." मला ते ऐकायला आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे येईल.

बालाजी माझा रूममेट. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तेरचा. तेरला पांढरीची टेकाडं आहेत, जुन्या वस्तीची. पाऊस पडून गेला की तिथली पोरं मणी आणि खापरं वेचत फिरतात. फार जुन्या काळी तिथून माल रोमपर्यंत जायचा आणि तिकडची नाणी इकडे यायची. बालाजीच्या वर्गातल्या कुणाकुणाला तसलं नाणं सापडलं होतं. ह्याला मणी सापडले, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सापडले. नाणं कधीच नाही. अमेरिकेत आल्यावर त्याने एका गराज सेलमधून, कुणाच्या घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, जुना मेटल डिटेक्टर उचलून आणला; मातीखाली धातू असला की तो कानात वाजतो.

"रोमन नाणी ओहायोत शोधणार का बाल्या?" मी म्हणालो.

"इथं कुठली असायलीत. पण कान तयार होतील. गावाकडं कामाला येतील."

"तिथे खणलंस तर पुरातत्त्व खातं हातपाय मोडेल."

"मग खणणार नाही. नुसतं ऐकीन."

असा माणूस. आता मी काय केलं ते सांगायला हवं. पण त्याआधी सकाळचं भांडण — ती सबब नाही. सबब काढायची असती तर मला याहून चांगली काढता येते.

दोन हजार तीनचा वसंत. इराकवर हल्ला सुरू झाला होता. मी त्याविरुद्ध एक पानी पत्रक लिहिलं होतं, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. तिथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात ते वाटायचं होतं, आणि बालाजीने माझ्याबरोबर दारात उभं राहावं अशी माझी इच्छा होती. शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. तासाभरावरच्या एका लहान गावात जत्रेचं मैदान होतं, आणि तिथे डिटेक्टर फिरवायची परवानगी त्याने मला फोन करायला लावून मिळवली होती. त्याला अमेरिकनांशी बोलायचा संकोच. "तूच बोल, यार. माझं इंग्रजी त्यांना कळत नाही," हे त्याचं नेहमीचं. गाडीत मी पत्रकाचा विषय काढला. तो म्हणाला, नको. स्टुडंट व्हिसा आहे, दिवस कसले आहेत, घरी सगळे माझ्याकडे डोळे लावून बसलेत. मी म्हणालो, "तू घाबरट आहेस." आणखीही बोललो. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "असेन."

मैदानावर पोचलो. तो कानाला हेडफोन लावून, डिटेक्टर डावीउजवीकडे झुलवत गवतातून हळूहळू चालत होता. मी मागे खुरपं घेऊन. बाटल्यांची झाकणं निघाली, एक चावी निघाली, एक-दोन जुनी सेंटची नाणी निघाली. मग प्रेक्षकांना बसायच्या लाकडी पायऱ्यांजवळ, ओकच्या झाडाखाली, तो एकदम थांबला. गुडघ्यांवर बसला. खुरप्याने गवताचा चौकोन कापून अलगद उचलला, फार खोल नाही, बोटभर खाली. मातीत बोट फिरवलं. आणि तळहातावर जे आलं ते त्याने उजेडाकडे धरलं.

हिरवं पडलेलं, नखाएवढं तांब्याचं नाणं. एका बाजूला दाढी नसलेला, डोक्याला पट्टा बांधलेला राजा. कडेला झिजलेली लॅटिन अक्षरं.

"रोमन आहे," तो म्हणाला. "अरे, हे रोमन आहे." मग लगेच, माझा हात धरून, "पण इथं कसं? कुणाचं तरी हरवलं असणार. ऑफिसात विचारून ये ना. तू बोल. मी तोवर खड्डे बुजवतो."

लक्षात घ्या — हे माझं आहे, असं तो एकदाही म्हणाला नाही. आयुष्यभर हवी असलेली वस्तू हातात होती, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, कुणाची?

मी ऑफिसात गेलो. गवत कापायच्या यंत्राशी खटपट करणारा म्हातारा रखवालदार होता. मी विचारलं. तो हसला. गेल्या रविवारी डिटेक्टरवाल्यांच्या क्लबाने मुलांसाठी खेळ ठेवला होता, तो म्हणाला. गवतात नाणी पुरून ठेवतात, मुलं शोधतात. यंदा मजा म्हणून रोमन नाणी पुरली होती, स्वस्तातली, पोतंभर विकत मिळतात तसली. त्यातली काही नाणी पोरांना सापडलीच नाहीत. "तुझ्या मित्राला म्हणावं, ठेव खुशाल."

संपलं. इतकं साधं होतं. मी परत चालत आलो. बालाजी ओकच्या झाडाखाली उभा होता, नाणं रुमालात धरून, आणि माझ्याकडे बघत होता — शाळेत निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसा. आणि मला वाटलं, ह्याला थोडा वेळ वेड्यात काढू. माझ्या पत्रकाला नाही म्हणतो काय? मी म्हणालो, "त्याला काही माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात एखादा सैनिक इटलीत लढायला गेला असेल, तिकडून खिशात घालून आणलं असेल, इथे जत्रेत हरवलं असेल. साम्राज्यांची सुट्टी नाणी."

टोमणा होता तो, सकाळच्या पत्रकावरून. बालाजीने तो जसाच्या तसा खरा धरला. का धरणार नाही? सांगणारा मी होतो.

परतीच्या वाटेवर खरं सांगायचं आणि त्याचं तोंड बघायचं, असा माझा बेत होता. पण गाडीत तो बोलतच राहिला. त्या सैनिकाबद्दल, त्याच्या घरच्यांबद्दल. "ते लोक अजून त्याच गावात असतील. आपण द्यायला पाहिजे, हो ना?" सकाळचं भांडण तो पार विसरला होता. मी म्हणालो, "बघू." घर आलं. मी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी तो एकटा त्या गावात गेला. त्याच्या पुढच्याही. माझं पोट दुखत होतं, माझी असाइनमेंट राहिली होती — दरवेळी मला काहीतरी होत होतं. तो, ज्याला पिझ्झा फोनवर मागवायचा धीर होत नव्हता, घराघरांची दारं वाजवत होता. तुमच्या घरातलं कुणी इटलीत लढायला होतं का? मी काय करत होतो? मी माझी युद्धविरोधी पत्रकं लाँड्रोमॅटमध्ये कपडे धुवायच्या मशीनवर ठेवून पळून येत होतो. एकही दार मी वाजवलेलं नाही. आणि त्या पत्रकात लिहिलं होतं की सरकारने खोटे पुरावे दाखवून लोकांना फसवलं.

एके दिवशी कुणीतरी पोलिसांना बोलावलं. एक सावळा, दाढी वाढलेला माणूस दारोदार फिरून सैनिकांची चौकशी करतोय — त्या वर्षी, त्या गावात. त्यांनी त्याला गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभं केलं. पासपोर्ट तपासला. त्याने रुमालातलं नाणं दाखवलं, आणि जे इंग्रजी कुणाला कळत नाही असं तो म्हणायचा, त्याच इंग्रजीत सगळं सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन तो मला हे सांगत होता तेव्हा तो हसत होता. "अरे, तो पोलीसच म्हणाला, डोरिसकडे जा. तिचा नवरा होता इटलीत."

त्या दिवशी सांगायला हवं होतं. माझ्या एका टोमण्यापायी त्याचा व्हिसा गेला असता, त्याहून वाईटही झालं असतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मग का नाही सांगितलं? भीतीने नाही — म्हणजे त्याच्या रागाची भीती नव्हती. तो रागावला असता आणि संध्याकाळी भात लावला असता. मला भीती होती की यापुढे तो कुणाला म्हणणार नाही, ह्याला विचारा, हा खोटं बोलत नाही. मला सत्य प्रिय नव्हतं. तो मान प्रिय होता.

डोरिसकडे मी गेलो. बालाजीने ओढूनच नेलं, "साक्षीदार पाहिजे ना." लहानसं पांढरं घर, पोर्चवर फुलझाडं. तिने आम्हाला कॉफी आणि केक दिला. नाणं हातात घेतलं, चष्मा काढून डोळ्यांजवळ नेलं. हॅरल्डच्या खिशात असलं काहीतरी असायचं, म्हणाली. मी त्याला सांगायचे, घरी ठेव, हरवशील. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, खरंच ओकच्या झाडाखाली मिळालं? पायऱ्यांजवळच्या? आम्ही तिथेच बसायचो.

"हो," मी म्हणालो. शब्द खरा होता. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

ती रडली. बालाजीही रडला. तासाभरातच तो तिला मावशी म्हणू लागला होता, आणि ती ते तिला जमेल तसं स्वतःबद्दल म्हणून दाखवत होती. नाणं बालाजीने तिलाच दिलं. मी केक संपवला.

नंतर बालाजी नोकरीसाठी दूरच्या प्लेनो शहरात गेला. मोठं घर, लग्न, एक मुलगी. त्याच्याकडे गेलो की पाहुण्यांसमोर ही गोष्ट निघतेच, आणि शेवटी तो माझ्याकडे बोट दाखवतो, "विचारा ह्याला." मी मान डोलावतो. दरवेळी डोलावली आहे. डोरिसला तो सणासुदीला फोन करायचा. ह्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या मुलीने बालाजीला कळवलं की नाणं आईच्या हातात ठेवून तिला पुरलं. म्हणजे ओहायोच्या मातीत आता खरोखरच एक रोमन नाणं आहे, आणि ते तिथे का आहे हे मला एकट्याला माहीत आहे.

तिच्या मुलीला मराठी येत नाही, म्हणून मी हे निर्धास्तपणे लिहू शकतो. हाही भित्रेपणाच. तो इथे नोंदवून ठेवतो.

गेल्या आठवड्यात बालाजीचा फोन आला. तिकडच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतोय. "मावशीच्या नाण्यावर तू लिही. मला तसलं लिहायला येत नाही. आणि सजवू नको बरं का. जसं झालं तसं लिही."

बालाजी, जसं झालं तसं लिहिलं आहे. आधी तुला पाठवतोय. खाली माझं नाव आहे.