हॉलमधली खुर्ची

भिमाजी गांगुर्डे आमच्या हॉटेलात वेटर होता आणि त्याची बायको भागीबाई मागच्या मोरीवर भांडी घासायची. त्र्यंबक नाक्याजवळचं ते हॉटेल. मी गल्ल्यावर बसायचो. शेठचा एक नियम होता: नोकरमाणसानं हॉलमधल्या खुर्चीवर बसायचं नाही. हॉल रिकामा असला तरी नाही. जेवायचं सगळ्यांच्या शेवटी, मोरीजवळ, उकिडवं बसून. हा नियम मला तेव्हा कधीच खटकला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला गल्ल्यामागे स्टूल होतं ना!

१९७६ साली देवळालीच्या एका निवृत्त लष्करी साहेबानं आमच्या हॉलमध्ये जुना विलायती सिनेमा दाखवला. भिंतीवर चादर आणि समोर खडखडणारं मशीन. सिनेमा विनोदी होता, हॉटेलातल्या नोकरांचाच. मालक गावाला जातो आणि वेटर, आचारी, सामान उचलणारा म्हातारा असे तिघं पाहुण्यांचे कोट चढवून टेबलाशी बसतात. ताटं उचलायची पाळी पाहुण्यांवर येते. इंग्रजी कुणाला कळतंय! तरी सगळे पोट धरून हसत होते. भागीबाई स्वयंपाकघराच्या दारात तोंडात पदर कोंबून हसत होती. भिमाजी तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मोरीवर ती त्याला म्हणाली, "तुमी बी एकदा बसा असं. मला बघायचंय."

"सिनेमात हाय ते, भागे."

"मग काय झालं?"

मला वाटलं, बाईला खूळ लागलं. पण खूळ आठ वर्षं टिकत नाही. हॉल पुसताना ती कधी कधी एखाद्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, "बघू."

१९८४ मध्ये भिमाजीच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यानं काम सोडलं. शेठनं विचारलं, "काय पाहिजे, बोल."

"एक डाव हॉलमधी बसून जेवायचंय, शेठ. जोडीनं."

शेठनं एकदा हॉलकडे नजर टाकली. मग म्हणाला, "ये रविवारी."

रविवारी दुपारी दोघं पुढच्या दारानं आली. बारा वर्षं मी त्यांना मागच्या दारानंच येताना पाहिलं होतं. भागीबाईनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, भिमाजीनं मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. ताटं आली. भागीबाई जेवेचना, ती नुसती त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तिनं खूण केली, तसा तो जरा मागं सरकून नीट बसला.

रविवारची गर्दी. चार नंबरवाले पाण्यासाठी ओरडायला लागले. मी बिलं लिहीत होतो. मान वर न करताच मी हाक दिली, "भिमाजी, चारला पाणी!"

आणि भिमाजी उठला. जग उचलला, चारही पेले भरले. एक थेंब सांडला नाही.

बाकीचे वेटर जागच्या जागी थांबले, तेव्हा मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. भिमाजी जग हातात धरून आपल्या टेबलापाशी परत आला, पण बसेना. भागीबाई म्हणाली, "बसा की." त्यानं नुसती मान हलवली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग उठली, दोन्ही ताटं उचलली आणि मागं निघून गेली.

मी धावत मोरीपाशी गेलो. दोघं उकिडवी बसून जेवत होती.

"चुकलो, भिमाजी," मी म्हणालो. "सवयीनं तोंडातून निघून गेलं."

"तुमचं काय चुकलं नाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "तुमी नुसती हाक मारली. उठलो मी."

भागीबाईनं वर बघितलं नाही. जेवण झाल्यावर तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि घासायला बसली.