ओल्या फडक्यातला फोन

माठाखालच्या ओल्या वाळूचा वास आला की माझी चिडचिड होते. तेव्हा तेल्हाऱ्यात दिवसदिवस वीज नसायची. तू परदेशात नुकतीच जन्मली होतीस आणि संध्याकाळी तुझी आई तुला व्हिडिओवर दाखवणार होती. बॅटरी पुरावी म्हणून मी सकाळपासून डेटा बंद ठेवला, स्क्रीनचा उजेड कमी केला. दुपारी डुलकी घेऊन उठले, तर तुझ्या आजोबांनी फोन ओल्या फडक्यात गुंडाळून त्या वाळूवर ठेवलेला! “काहून ठेवला तिथं?” मी ओरडले. “तापून राह्यला होता. तापला की बॅटरी लवकर उतरते म्हणे. टरबूज नाई का गार करत आपण?” ते शांतपणे म्हणाले. फोन पुन्हा सुरूच झाला नाही. आता आपण रोज बोलतो, पण तुझं पहिल्या दिवसाचं रडणं मी ऐकलेलं नाही, आणि तो राग अजून आजोबांवर निघतो.