यंत्राला लावलेली तीट

भोरच्या महाविद्यालयात मी उमेदीची वर्षे भिंग फळ्यावर काढून शिकवले. प्रत्यक्ष भिंगाशी संसार मांडला तो केस पिकल्यावर. उत्रोलीजवळच्या एका लहान कारखान्यात पितळी बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणारी छोटी नळकांडी, तयार होत. त्यांची तपासणी कॅमेऱ्याकडून करून घेण्याचे काम मालकांनी मला चाचणीपुरते दिले होते. ग्राहक कंपनीच्या साहेबांना चाचणी पटली, तर कॅमेरा राहणार होता आणि मीही. नाहीतर दोघांचीही रवानगी ठरलेली होती.

रचना साधी होती. खालून उजळलेल्या काचेवर बुश ठेवायचा. वरचा कॅमेरा त्याची आकृती पाही, आणि कडेला धातूचा कण जरी राहिलेला दिसला तरी लाल दिवा लावी. आदल्या संध्याकाळपर्यंत सारे सुरळीत होते.

चाचणीच्या सकाळी पहिल्याच बुशाला लाल दिवा लागला. दुसऱ्यालाही. मग लालच लाल.

"सर," मालक घाम पुसत म्हणाले, "कॉलेजात तुमी एवढे कडक नव्हता म्हणं!"

साहेब घड्याळ पाहू लागले. चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते; वर्गातही मी बहुधा फळ्याशीच बोलत असे. म्हणून मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वळलो. दोष प्रत्येक चित्रात एकाच जागी होता. बुश फिरवला, दोष फिरेना. बुश उचलला, तरी तो तिथेच. काचेवर एक काळाभोर, गोल, प्रेमळ ठिपका होता.

हाताने बुश तपासणाऱ्या काकू पुढे आल्या. "त्यो म्या लावला, सर. आज पाव्हणं बघाया येणार, आन् यंत्र एवढं लखलखीत. नजर लागंल म्हून डोळ्यातलं काजाळ लावलं. तीट हाय ती."

"अहो काकू, त्याला ती दिसते ना!"

"व्हय? मग लई हुशार हाय. लेकरास्नी कुठं दिसतीय सवताची तीट?"

"दोष काय निघाला?" साहेबांनी विचारले.

"दृष्टीला दृष्ट लागू नये म्हणून केलेली तजवीज, साहेब," मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो.

साहेब खो खो हसले. काच पुसली, तेच बुश हिरव्या दिव्यात उत्तीर्ण झाले. साहेबांनी गुपचूप मिसळलेला एक खराब बुश तेवढा कॅमेऱ्याने पकडला. आम्ही दोघेही राहिलो.

"आता तीट कुठं लावू?" काकूंनी विचारले.

"कॅमेऱ्याच्या स्टँडच्या मागे लावा. तिथे त्याला दिसणार नाही."

"आन् तुमाला?"

मी मागे वळण्याआधीच काजळाचे बोट माझ्या कानामागे टेकले होते. मी जराही हललो नाही. तपासणी चालू असताना हलायचे नसते.