शैलामावशींच्या दारातली हाक

गेल्या महिन्यात ऑफिसच्या बसमध्ये फोन आला, शैलामावशी गेल्या. मी तिथेच रडले. शेजारी बसलेलीनं विचारलं, "कोण होत्या?" माझ्या मुलीच्या पाळणाघराच्या मावशी, एवढंच सांगता आलं...

कोथरूडमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात त्या आमच्यासारख्या आयटीवाल्यांची आठ-दहा पोरं सांभाळायच्या. नियम एकच. आत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं उंबऱ्यावरून ओरडायचं, "मावशी, आले!" मग आतून उत्तर यायचं, "या, सरकार!" माझी ईरा तेव्हा तीन वर्षांची. ती ओरडायचीच नाही, दिवसभर एका जागी बसून राहायची. मी कौतुकानं सांगायचे, आमची पोर भारी शहाणी, त्रास म्हणून नाही.

एका संध्याकाळी मावशींनी मला चपलाही काढू दिल्या नाहीत. "अहो, शहाणी नाही, सुस्त आहे ती. आवाज घोगरा झालाय, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, वर्षभरात एक फ्रॉक तोकडा झालेला नाही. गळा बघितलात का तिचा? की मुलीकडे फक्त रविवारी बघता?"

माझं टाळकंच सरकलं. "तुम्ही पोरं सांभाळा, डॉक्टरकी नको," असं फाडकन बोलून मी ईराला उचलून घरी आणलं. रजा टाकली. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना माझा हात तिच्या गळ्यापाशी थांबला. पुढे मऊसा फुगवटा लागत होता.

रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मी नवऱ्याशी, सासूबाईंशी, कुकरशीसुद्धा भांडले. ईराची थायरॉइड ग्रंथी मंदावली होती. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाले, "घरात मीठ कोणतं?" मी अभिमानानं सांगितलं, सैंधव. सासूबाईंचे उपास सतत, उपासाला साधं मीठ चालत नाही. दोन बरण्यांचा घोळ नको म्हणून मीच अख्ख्या घराला एक बरणी केली होती, वर 'नैसर्गिक' म्हणून मिरवतही होते. "त्यात आयोडीन नसल्यातच जमा. आणि ही दूधही पीत नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून उशीर केला असतात, तर..." पुढचं मला ऐकवेना. माझ्याच हातानं मी हे केलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या, आयोडीनचं मीठ आलं. मी मान खाली घालून पाळणाघराच्या दारात उभी राहिले. माफीचं वाक्य वाटेत पाठ केलं होतं. मी तोंड उघडण्याआधीच मावशी म्हणाल्या, "उशीर होतोय तुम्हाला. निघा." ते वाक्य तसंच राहिलं... पुढेही कधी बोलले नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी ईरा उंबऱ्यावर थांबली आणि जिना दणाणेल अशी ओरडली, "मावशी, आले!" आत भांडं पडलं. मावशी डोळे पुसत बाहेर आल्या. "कांदा चिरत होते हो," म्हणाल्या. दोन्ही हातांना कणीक होती.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेलो. ईरा आता अकरावीत आहे, माझ्यापेक्षा उंच. दार उघडंच होतं. सवयीनं ती उंबऱ्यावर थांबली आणि खणखणीत ओरडली, "मावशी, आले!" मग आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, आत कुणी काही म्हणतंय का ते ऐकत.