पोस्टकार्डावरचा मोर

आमच्या घराण्यात लिहिता-वाचता येणारा पहिला माणूस मी. त्याचे परिणाम घरच्यांना भोगावे लागले.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. कोल्हापुरात थंडी मी म्हणत होती. मी चौथीत होतो. आई म्हणाली, "दत्तूला चार वळी लिही की! एवढं शिकतोस ते काय म्हसरं मोजायला?"

दत्तू म्हणजे गडहिंग्लजकडच्या खेड्यातला माझा मावसभाऊ.

"काय लिहू?"

"सगळी खुशाल हायती म्हणून लिही."

एवढ्यावर पोस्टकार्ड संपवणं म्हणजे विद्येचा अपमान! आठवड्यापूर्वीच, मावशीनं सुचवलेल्या स्थळाकडची मंडळी अक्काला बघून गेली होती. (मुलगा दत्तूच्याच गावात मास्तर. निरोप यायचा होता, त्यामुळे आबा घरात खोकतसुद्धा दबकून होते.) मी सविस्तर लिहिलं: भिंतीवरचा भरतकामाचा मोर अक्कानं केला असं पावण्यांना सांगितलं, पण तो शेजारच्या इंदूताईंचा. पावणं वळणापलीकडं जाताच त्या काढून घेऊन गेल्या. डिंकाचे लाडूही त्यांचेच. अक्काचे लाडू आबांनी वरवंट्यानं फोडले, तर वरवंट्याचाच टवका उडाला. थंडीमुळं अक्कानं चार दिवस आंघोळ केलेली नाही. कळावे, लोभ असावा.

त्या गावात एक रीत होती, ती मला ठाऊक नव्हती. पोस्टमन सगळी पत्रं शाळेत देई आणि मास्तर ती कट्ट्यावर बसून साऱ्या गावाला मोठ्यानं वाचून दाखवत!

आठव्या दिवशी मावशी एस्टीनं हजर. हातातलं गाठोडंही खाली ठेवलं नाही.

"कुटं हाय त्यो शाणा?"

"काय झालं गं?" आई.

"मोर उडाला की तुजा! मास्तरानं सोताच्या तोंडानं वाचला, भर कट्ट्यावर!"

"मग मदीच थांबायचं न्हाय व्हय?"

"गाव थांबू देतंय व्हय? अन् त्याची आई म्होरंच बसलेली!"

आबांनी पायातली चप्पल काढली. अक्का रडत म्हणाली, "मोराचं लिहिलास ते लिहिलास, आंघोळीचं कशाला रं?"

"आरं, ऐकून तरी घ्या!" मावशी ओरडली. "मास्तर हसला. म्हणाला, बघायला आलतो तवा अंगात घातलेला कोट तरी कुटं माजा हुता? पाटलाचा! अन् त्याची आई म्हणाली, मोर र्‍हाऊ दे, पोरगी धाडा. आंघोळ घालून!"

चप्पल आबांच्या हातातच राहिली.

"पर एक अट हाय," मावशी माझ्याकडं वळली. "ह्या पोराला शिकायला मास्तराकडं ठेवायचं. बाहेर मोकळा ठेवनं बरं न्हाय."

दाजींनी मला घरी ठेवून, स्वतःच्या ताटातलं घालून पदवीधर केलं. ते उपकार फिटायचे नाहीत. (पोस्टकार्डं मात्र ते कुलपात ठेवत.) पुढं मी पुष्कळ लिहिलं, लोकांना आग्रहानं वाचूनही दाखवलं. पण एकही माणूस न उठता शेवटपर्यंत ऐकलं गेलेलं माझं लिखाण आजवर तेवढं एकच!