बावखलाचं पाणी आणि युजीनची पेटी

नंदाखालच्या सालोमीमावशींचा विश्वास फक्त परमेश्वरावर आणि स्वतःच्या कुलपावर होता. त्यातलं कुलूपही लावल्यावर त्या दोनदा ओढून बघत. परमेश्वराला ओढून बघायची सोय नव्हती, म्हणून तो सुटला. दूधवाल्याच्या दुधात त्या बोट बुडवून बघत आणि कोणी त्यांच्या केळीचं कौतुक केलं, की त्या दिवशी घड मोजत.

सगळ्यात मोठा संशय मात्र चुलतदीर सॅन्टनवर. दोघांच्या केळीच्या वाड्यांमध्ये एकच बावखल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारं तळं, आणि त्यावर एकच पंप. एक दिवस मावशींचा, एक दिवस सॅन्टनचा. सकाळी सहा ते नऊ. सॅन्टन पाणी चोरतो, याबद्दल मावशींची खात्री होती. म्हणून पंप कधी सुरू झाला, कधी बंद झाला, हे दोघांचंही त्या चर्चमधून मिळणाऱ्या कॅलेंडरवर रोज लिहून ठेवत.

अशा बाईच्या एकुलत्या एक लेकीने, सुझानने, १९८६च्या जानेवारीत जाहीर केलं, की लग्न करीन तर आगाशीच्या युजीनशीच. होकार महिन्याभरात हवा होता. उपवासकाळ लागला की लग्नं बंद, आणि ईस्टरच्या आधीच कंपनी युजीनला बंगलोरला पाठवणार होती.

“करतो काय तो?” मावशींनी विचारलं.

“कम्प्युटर दुरुस्त करतो. स्वतःचा एक बनवलाय त्याने, उचलून नेता येतो असा.”

“उचलून कोणाचा आणलाय?”

रविवारी युजीन तो दाखवायलाच आला. यंत्राची पेटी त्याने निकोलस सुताराकडून करून घेतली होती. निकोलसचा हात बसला होता शवपेट्यांवर, त्यामुळे हिलाही तेच काळं पॉलिश आणि त्याच पितळी कड्या. युजीन आणि त्याचा मित्र ती दोन बाजूंनी धरून एसटी थांब्यापासून चालत आले, तेव्हा वाटेवरच्या दोघा माणसांनी टोप्या काढल्या आणि एका म्हातारीने क्रूसाची खूण केली.

“कोण गेलं?” मावशींनी ओट्यावरून विचारलं.

“कोणी नाही, मावशी. हा कम्प्युटर आहे.”

“मग तो गेला का?”

“नाही, चालू आहे.”

झाकण उघडलं. आत वीतभर टीव्ही, टाइपरायटरची बटणं, टेपरेकॉर्डर आणि तळाशी स्कूटरची बॅटरी.

“टीव्ही दिसतोय, टेप दिसतोय. कम्प्युटर कुठाय?”

“हे सगळं मिळूनच तो.”

“म्हणजे वायरलेस,” मावशी म्हणाल्या. किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरतं आणि त्याचे निरोप वायरलेसवर येतात, अशी तेव्हा गावात कुजबुज होती. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, टीव्ही मात्र लुकलुकत राहिला. मावशींचा संशय दुप्पट झाला.

“हिशेब करतो म्हणतोस ना? मग सॅन्टनने दोन वर्षांत किती पाणी चोरलं ते काढ. त्याच्या तोंडावर काढ.”

दोन रविवार सुझान कॅलेंडरांवरचे आकडे वाचत होती आणि युजीन ते यंत्रात घालत होता. मावशी रोझरीची माळ हातात घेऊन समोर बसल्या होत्या. नजर पडद्यावर नव्हती, त्याच्या बोटांवर होती. दुसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी सॅन्टनला बोलावून आरोपीसारखं स्टुलावर बसवलं.

यंत्र घरघरलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि युजीनचा चेहरा उतरला.

“काय आलं?” सुझानने हळूच विचारलं.

युजीनने एकदा सुझानकडे पाहिलं, एकदा दाराकडे. “सॅन्टनकाकांनी एक मिनिटही जास्त घेतलं नाही. मावशी, तुम्ही... एकसष्ट तास जास्त घेतलेत.”

“तरीच!” सॅन्टन स्टुलावरून उठला. “माझ्या केळी उगाच काडीसारख्या नाहीत राहिल्या, वहिनी!”

 मावशींना हे ठाऊक होतं. कधी पाच-पन्नासलाच सुरुवात, कधी नऊ-दहाला शेवट. एका नजरेत कोणाला कळू नये अशी दहा-दहा मिनिटं. पाणी त्यांनी घेतलं होतं, पण लिहिलं मात्र खरं होतं. कॅलेंडरवर वर पवित्र कुटुंबाचं चित्र होतं ना! त्याखाली खोटं कसं लिहायचं? आणि ही गोष्ट त्या चर्चमध्ये फादरांपुढच्या कबुलीजबाबातसुद्धा बोलल्या नव्हत्या.

“म्हणजे पेटी खरी आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि हा पोरगा होकार मागायला आलाय आणि मलाच चोर ठरवतोय. एकतर सच्चा असेल नाहीतर खुळा. तुझा बाप दोन्ही होता, सुझान. तीस वर्षं निभावलं मी. जा, फादरांकडून तारीख घेऊन या.”

सुझान रडायला लागली. मावशींनी त्या रडण्याकडेही जरा निरखून पाहिलं.

“पण ही पेटी माझ्या घरात राहायची नाही. फार बघते ती.”

“माझ्याकडे ठेवा,” सॅन्टन छाती काढून म्हणाला. “माझं काही लपलेलं नाही.”

पेटी लग्नापर्यंत सॅन्टनच्या ओट्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी मावशींनी ठोक्याला नऊ वाजता पंप बंद केला. मग पदर खोचून त्या कुंपणापर्यंत गेल्या आणि पेटीचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला आहे, ते टाचा उंचावून बघून आल्या.