पणजोबांचा घोट

तुमच्या पणजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला तो कापूस वेचणीच्या दिवसांत, साठ सालाच्या आसपास. नेरच्या घरी सकाळी चहाची बशी त्यांच्या उजव्या हातातून निसटली. तिच्याकडे बघत ते काहीतरी बोलले, पण त्यात एकही शब्द नव्हता. जीपमधून यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्यांची शुद्ध हरपत चालली होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे जाणारी रक्ताची वाट गुठळीने बंद झाली असावी. ती उघडायचं औषध तेव्हा नव्हतं. मग आम्ही काय करायचं, असं मी विचारलं. मी इंग्रजी शिकलेली म्हणून की काय, त्यांनी मला नीट समजावलं. "असे रोगी पुष्कळदा झटक्यानं जात नाहीत, मागाहून जातात. वयानं आणि हरपलेल्या शुद्धीनं धोका वाढतो, ते आपल्या हाती नाही. पण यांचं गिळणं बंद आहे. पाणी फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया. तोंडात थेंबही नको."

मग त्यांनी मला स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून गिळायला सांगितलं. कंठ वर उचलला गेला, खाली आला. श्वासाची वाट झाकून अन्नाला वाट देणारं हे दार जन्मापासून माझ्यात उघडझाप करत होतं, आणि मला त्याची खबरही नव्हती. दिवसभर मी पुन्हा पुन्हा हात लावून बघत होते.

नाकातून रबरी नळी घातली, तिच्यातून दूध द्यायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सिस्टर कूस बदलून देत. तोंड राखायचं काम माझं होतं, आणि ते कठीण होतं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस चमचाभर पाणी पाजल्याशिवाय उठत नाही.

बाभुळगावहून पणजोबांची मोठी बहीण डाळिंबाचा रस घेऊन आली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. मी त्यांच्या हातातली वाटी धरली.

"काहून वं, माह्या भावाचे ओठ पाह्य. शिकलेली सून तहानेनं मारून राह्यली का त्याले?"

"आत्याबाई, त्यांना गिळता येत नाही. छातीत जाईल."

"तोंडातलं छातीत कसं जाते? अन् नाकातून दूध पाजता, थो काय बैल हाये?"

बोलता बोलता त्या थांबल्या.

"आमचा एक बैल असाच गेलता," त्या हळू म्हणाल्या. "गड्यानं बांबूच्या नाळीनं काढा पाजला, थो ठसकला. मंग घरघर लागली अन् गेला."

वाटी त्यांनी स्वतःच खाटेखाली ठेवली आणि उशाशी बसल्या. नेरचा शेजारी तांब्या घेऊन वाकला तर म्हणाल्या, "तुम्हीच प्या, उन्हातून आले."

एकदा ताप चढला, छाती वाजू लागली. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण तो ताप उतरला, आणि पणजोबांचे डोळे माणसं ओळखू लागले.

मग एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना उशांच्या आधारानं बसतं केलं, जिभेवर चमचाभर पाणी सोडलं आणि बोटं कंठावर टेकवली. कंठ हलला नाही. नंतर सावकाश वर गेला, तिथे जरासा थांबला, आणि खाली आला. ठसका लागला नाही.

डॉक्टरांनी दुसरा चमचा भरला आणि आत्याबाईंच्या हाती दिला.